बॉक्सर पेटकर!

जर्मनी आणि बॉक्सिंग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव यायचं: मॅक्स श्मेलिंग. १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये, तोवर अपराजित असलेल्या जो लुईला बाराव्या फेरीत लोळवणारा! आता त्या नावाशेजारी मी दुसरं नाव लिहून ठेवलंय, आणि भेटेल त्याला ते सांगत सुटलोय. मुरलीकांत पेटकर! आपल्या सांगलीकडचे, पेठ इस्लामपूरचे. नंतर पुण्यात टेल्कोत नोकरी केलेले.

तुम्ही म्हणाल, ते तर जलतरणपटू. हो, पण त्याआधी ते बॉक्सर होते! लष्करात ईएमई या तांत्रिक विभागाचे जवान. १९६४ साली टोकियोला सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरले, तेव्हा वय अवघं १९. आणि पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध पेटलं. अंगात नऊ गोळ्या घुसल्या, एक मणक्यात रुतून बसली. कमरेखालचं अंग लुळं पडलं. रिंग कायमची सुटली.

इथे कुणाचीही कहाणी संपली असती. पेटकरांची इथून सुरू होते! उपचार म्हणून पाण्यात उतरवलं, तर गडी तिथेही लढायलाच लागला. १९६८ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये टेबल टेनिस खेळला. १९७२ला जर्मनीतल्या हायडलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, वेळ ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम! पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक!

हा आकडा वाचल्यावर मला चैन पडेना. तलावात पाय अजिबात न हलवता पोहून पाहा. कंबर खाली बसते, पाय मागे लोढण्यासारखे ओढले जातात आणि अंग पुढे नेण्याचा सगळा भार दोन खांद्यांवर येतो. मग माझ्या ध्यानात आलं: हे खांदे बॉक्सरचे होते! दम न सोडता हात मारत राहण्याची सवय रिंगमधली होती. गोळ्यांनी पाय नेले, पण आतला बॉक्सर त्यांना गवसलाच नाही.

पुढचं वैयक्तिक सुवर्ण पॅरालिम्पिकमध्ये २००४ला देवेंद्र झाझरियाने आणलं, ऑलिम्पिकमध्ये २००८ला अभिनव बिंद्राने. एवढी वर्षं हा माणूस एकटा त्या उंचीवर उभा होता आणि आपल्याला पत्ता नव्हता! पद्मश्री मिळाली २०१८ला, अर्जुन जीवनगौरव २०२५च्या जानेवारीत. त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमाही आला तो २०२४मध्ये.

पुण्यातल्या बॉक्सिंगच्या प्रशिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पोरांना पहिल्यांदा ग्लोव्ह्ज बांधायला शिकवाल, त्या दिवशी मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगा. मोहम्मद अलीची नंतर सांगितली तरी चालेल.