ठळक न छापलेला आकडा

मिरज, रविवार सकाळ

चि. बाळ्यास,


काल रात्री साडेअकराला तू रिपोर्टचा फोटो पाठवलास आणि खाली एवढंच लिहिलंस, 'ताई, किडनी गेली का?' लगेच फोन केला तर उचलला नाहीस. फोनवर तसंही तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायलाच बसले.

किडनी गेलेली नाही. आधी एवढं वाच, चहा घे, मग पुढचं.

तुझ्या कागदावर दोन आकडे ठळक छापलेत : युरिया ४४ आणि क्रिएटिनिन १.४. युरियाचं आधी उरकते. पुण्याचा तुझा मित्र म्हणाला ना, 'माझा अठराच आहे', तो बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, सांगतोय. त्याला २.१४ नं गुणलं की युरिया निघतो. म्हणजे त्याचा साडेअडतीस आणि तुझा चव्वेचाळीस. त्यात शुक्रवारी तू जावळाच्या जेवणाला होतास. तांबड्या-पांढऱ्याच्या किती वाट्या झाल्या ते विचारत नाही, पण शनिवारी सकाळी रक्त दिलंस. मटण जास्त झालं, पाणी कमी झालं, की युरिया चढतो. त्यावरून झोप घालवायची नाही.

क्रिएटिनिनचं मात्र नीट ऐक. स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारा हा कचरा. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. गाळणं मंदावलं की तो रक्तात साचतो. पण ज्याचे स्नायू जास्त, त्याचा कचराही जास्त. तुझ्या तालमीतल्या मांड्या अजून तशाच आहेत, शिवाय शिजवलेल्या मटणातूनही थोडं क्रिएटिनिन पोटात जातं. त्यामुळे तुझे १.४ आणि एखाद्या किडकिडीत कारकुनाचे १.४ सारखे नव्हेत.

हा आकडा येतो कसा, ते मी लॅबच्या नोकरीत एकतीस वर्षं रोज पाहिलं. सिरममध्ये पिक्रिक ॲसिड आणि अल्कली घातली की पिवळा रंग नारिंगी होत जातो. जितका गडद, तितकं क्रिएटिनिन. जाफे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८८६ साली हे लिहून ठेवलं आणि आजही कितीतरी लॅब त्यावरच चालतात. गंमत अशी, की साखर फार वाढून रक्तात कीटोन आले तर तेही हाच रंग देतात आणि आकडा उगीच फुगतो. एन्झाइमच्या नव्या पद्धतीत ही खोड जवळजवळ नाही. म्हणून आज या लॅबमध्ये, उद्या त्या लॅबमध्ये असं करू नकोस. एक धर आणि तिथंच जा.

आता तुला जे सांगायला बसले ते. माझ्याबद्दल आहे.

माझा गेल्या महिन्याचा रिपोर्ट समोर आहे. क्रिएटिनिन १.१. बायकांची रेंज छापलीय ०.६ ते १.१. म्हणजे आकडा साधा छापलाय, बाण नाही, काही नाही. कुणालाही दाखव, 'नॉर्मल आहे' म्हणेल. मीही तेच म्हणत आले. त्याच आठवड्यात कपाट आवरताना जुन्या रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी सापडली. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ०.८ होता. मग ०.९, मग १.०. प्रत्येक वेळी रेंजच्या आत, आणि दर काही वर्षांनी थोडा वर.

तेव्हा मी ईजीएफआर काढला. किडन्या मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळून साफ करतात त्याचा हा अंदाज; क्रिएटिनिन, वय आणि स्त्री-पुरुष एवढ्यावरून सूत्रानं काढतात. २०२१ चं सूत्र सध्या वापरतात. तुझं वय ५८, क्रिएटिनिन १.४ : येतात ५८. माझं वय ६८, क्रिएटिनिन १.१ : येतात ५५. ज्याचा आकडा ठळक छापला त्याची किडनी माझ्यापेक्षा बरी निघाली! तीही हिशेबापुरती. तुझ्या स्नायूंमुळे तुझा अंदाज कमी येत असणार आणि माझ्या काटकुळ्या हातांमुळे माझा जास्त. सिस्टॅटिन सी नावाची तपासणी आहे, तिला स्नायूंशी फारसं देणंघेणं नसतं. शंका मिटवायला ती उपयोगी पडते, पण महाग असते आणि लहान गावात क्वचितच होते.

दहा वर्षांपूर्वी माझे ८५ होते. क्रिएटिनिनची ही लबाडी मी नोकरीत दुसऱ्यांना समजावून सांगायचे, की किडनीचं निम्मं काम जाईपर्यंत तो रेंजमध्ये राहू शकतो. स्वतःचे कागद मात्र मी एकेक करून पिशवीत टाकत गेले.

आणि त्याहून मोठी चूक म्हणजे मी तोवर कधी लघवी तपासली नव्हती. आपल्या दोघांना असलेल्या डायबेटिसमध्ये किडनीचं दुखणं पुष्कळदा आधी लघवीत कळतं, रक्तात मागाहून. गाळणी सैल झाली की अल्ब्युमिन झिरपायला लागतं. साध्या पट्टीला ते सुरुवातीला सापडत नाही. डॉक्टरांना 'युरीन एसीआर', म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, लिहून द्यायला सांग. तीसच्या आत ठीक, तीस ते तीनशे म्हणजे गळती सुरू, तीनशेच्या वर म्हणजे बरीच. तुझ्या टाइप २ डायबेटिसमध्ये हे निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी करायचं असतं. तुला नऊ वर्षं झाली, एकदाही केलेलं नाहीस; मी माझ्या डायबेटिसची सोळा वर्षं केलं नव्हतं. शेवटी केलं, तर माझे १८० आले. ताप, लघवीचा संसर्ग, आदल्या दिवशी जबर व्यायाम असला तरी हे वाढतं, म्हणून एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत. मी दोनदा करून घेतलं. दुसऱ्यांदा १६५.

डॉक्टरांनी टेल्मिसार्टन सुरू केलं आणि बजावलं, की पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसेल, घाबरून गोळी सोडू नका. १.२ झालं. गाळणीवरचा दाब उतरला की असं होतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ ते चालवून घेतात. पोटॅशियमही पाहतात, कारण ही गोळी ते वाढवू शकते. त्यावरून आठवलं : रक्त देताना मूठ सारखी उघडझाप करू नकोस. तसं केलं, किंवा नमुन्याच्या नळीत रक्तपेशी फुटून सिरम लालसर झालं, की पोटॅशियम खोटं वाढतं. कितीतरी नमुने मी यापायी परत मागवलेत आणि शिव्या खाल्ल्यात.

तुला आपली आत्या आठवते? इन्सुलिन चाळीस युनिटवरून अठरावर आलं, तेव्हा तिनं वाड्यात पेढे वाटले होते. कारल्याच्या रसाचा गुण म्हणाली. आपणही खाल्ले. इन्सुलिनचा बराचसा निचरा किडनी करते. ती थकली की तेवढंच इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि साखर आपोआप उतरते. आत्याला वरचेवर घाम फुटून चक्कर यायची ती त्याचीच. वर्षभरात डायलिसिस. तुझी साखर काही न करता एकाएकी छान यायला लागली, तर पेढे आणू नकोस, रिपोर्ट काढ.

गुडघ्यासाठी दुकानातून आणतोस ती गोळी आजपासून बंद. कोणती आहे ते मला ठाऊक आहे, नाव लिहायला लावू नकोस. 'किडनी साफ करणारा' काढाही नको, आणि भस्म तर अजिबात नको. पाणी तहानेपुरतं पी. बादलीभर पाणी पिऊन किडनी धुतली जात नाही, ती काही मोरी नव्हे. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून सोडू नकोस. ईजीएफआर ५८ असताना ते चालतं, तो तीसच्या खाली गेला तर डॉक्टरच बंद करतील.

पुढच्या सोमवारी सकाळची पहिली लघवी आणि रक्त दे. आदल्या दोन दिवसांत मटण नको, आखाड्यात उतरणं नको. तीन महिन्यांनी पुन्हा दे. तोवर कुणी 'क्रॉनिक' हा शब्द उच्चारला तर त्याला सांग, तीन महिने झाल्याशिवाय तो लावता येत नाही.

तुझी
ताई

ता. क. गेल्या नऊ वर्षांचे सगळे रिपोर्ट शोध आणि तारीख दिसेल असे फोटो काढून पाठव. ठळक न छापलेले आधी.