सुटाच्या खाली

"नेव्ही ब्ल्यूवर टॅनच उठून दिसतो," दुकानातला पोरगा नवरदेवाला पटवत होता. शेजारी बसलेल्या आईने खोका न उघडताच निकाल दिला, "काळे घे. बारशालाही चालतात नि बाराव्यालाही."

मी मनातल्या मनात माउलीच्या बाजूने हात वर केला. टॅन दिवसाउजेडी, साखरपुड्याला ठीक. रात्री रिसेप्शनच्या झगझगाटात तो सुटाआधी स्वतःच मिरवतो. काळा बूट गप्प राहतो. त्यातही ऑक्सफर्ड, म्हणजे ज्याच्या नाडीच्या पट्ट्या पुढच्या कातड्याखाली शिवलेल्या असतात तो. जन्मभर चपलांत ऐसपैस पसरलेल्या पावलांना मात्र तो आवळतो; त्यांनी मोकळ्या पट्ट्यांचा डर्बी खुशाल घ्यावा. टोकदार बुटांबद्दल मी बोलत नाही, लग्नकार्य आहे.

पायांकडे बघून माणूस जोखायची खोड जुनी. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीच्या काळात साहेबापुढे जाताना देशी माणसाने जोडे बाहेर काढावेत, हा दंडक कडक झाला. विलायती पोशाखवाल्याला त्यातून सूट. १८६२ मध्ये सुरतेच्या फौजदारी अदालतीत माणेकजी कावसजी एन्टी नावाचे असेसर, म्हणजे जज्जाला सल्ला देणारे, होते. सेशन्स जज्ज म्हणाले, जोडे काढा, वडिलधाऱ्यांपुढे आदर दाखवायची तुमचीच रीत आहे ही. माणेकजी हटले नाहीत. त्यांना आत घेतलं नाही, तेव्हा त्यांनी थेट मुंबईच्या गव्हर्नरला निषेधाचं पत्र धाडलं. मग वाद पेटला. देवळात आणि घरात काढता, मग इथे का नाही, हा सरकारचा सवाल. लोकांचं उत्तर मला फार आवडतं : घरात जोडे काढतो ते रस्त्याची घाण आत नको म्हणून, देवळात काढतो ते चामडं विटाळ मानतो म्हणून, कचेरी ना घर, ना देऊळ. इतका चोख युक्तिवाद त्या अदालतीच्या आतही क्वचितच झाला असेल. तरी जोड्यांना कोर्टाचा उंबरा ओलांडायला पुढे बरीच वर्षं लागली.

मंगल कार्यालयाचं काय करायचं, हा प्रश्न त्या वादात कोणी काढला नाही. तिथे अक्षता टाकायला मांडवात शिरताना ऑक्सफर्ड असो की डर्बी, बाहेरच. वर ते पळवायला मेव्हण्या टपलेल्या. आपली खरी रीत कानपिळीची. हे जोडे लपवणं हिंदी सिनेमाने गळ्यात मारलं, असं माझं मत. तोवर थ्री-पीसमधला नवरदेव गालिच्यावर मोज्यांनी उभा. तेव्हा बुटांच्या पैशांतून थोडे मोज्यांसाठी राखावेत : पोटरीपर्यंतचे, पँटच्या रंगाचे, आणि अंगठ्यापाशी शाबूत.