पिवळी खूण

“खूण केलीस का रे?”

मी गाडीच्या पोटाखाली उताणा पडलो होतो. तिथून बाबा दिसत नव्हते. दिसत होत्या त्यांच्या चपला आणि स्टुलाचे पाय. नाकापासून वीतभर वर पोलादाची काळपट नळी गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत गेलेली. बाहेर मिशिगनमधलं जुलैचं ऊन, आत थंडगार काँक्रीट आणि गिअर ऑइलचा तो जड, गंधकासारखा वास. दापोडीच्या कार्यशाळेतून बाबा संध्याकाळी घरी यायचे, तेव्हा त्यांच्या खाकी शर्टाला हाच वास असायचा.

“बाबा, हा शाफ्ट काढून टाकायचाय. परत लावायचाच नाहीये.”

“नसेना का. खोलतोयस ना? मग आधी खूण.”

चपलांशेजारून एक हात खाली आला. त्यात माझ्या मुलीच्या रंगपेटीतली पिवळी तेलखडूची कांडी होती. मी निमूटपणे शाफ्टवर आणि मागच्या फ्लँजवर मिळून एक सलग रेघ ओढली.

गाडी 2008 ची मस्टँग जीटी. आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यात जोडलेली. आठ सिलिंडर, 4.6 लिटरचं इंजिन, 300 हॉर्सपॉवर. पण ती सगळी ताकद पुढे, आणि ढकलायचं मागच्या चाकांनी. मधलं अंतर पार करायला हा प्रोपेलर शाफ्ट. तो स्वतः ताकद निर्माण करत नाही, साठवूनही ठेवत नाही. पुढून घेतो, मागे देतो. मूळचा शाफ्ट पोलादी, दोन तुकड्यांचा, मध्ये जोड आणि तो जोड तोलून धरणारं सेंटर बेअरिंग. त्याच्या जागी मला अ‍ॅल्युमिनियमचा एकसंध शाफ्ट लावायचा होता.

बाबांनी एसटीत आयुष्य काढलं. बसखालचे शाफ्ट त्यांनी इतके उतरवले आहेत, की नुसत्या आवाजावरून कुठल्या जोडातला क्रॉस गेलाय ते सांगायचे. “आमच्याकडे खड्डा होता,” ते म्हणाले. “माणूस उभा राहून काम करायचा. हे असं झोपून करायचं म्हणजे छातीवर लोखंड घेण्यासारखं.” म्हणून मला खाली शिरू देण्याआधी त्यांनी चारही घोड्या स्वतः तपासल्या होत्या आणि सत्तरी उलटलेल्या खांद्याने गाडीला दोनदा जोर लावून ती हलत नाही ना, ते पाहिलं होतं. जॅकवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. जॅक उचलण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी घोडी.

बोल्ट सुटायला तासभर गेला. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. ते बर्फ वितळवतं आणि गाड्यांची पोटं खातं. पान्याला लांब पाइप लावला, हँडब्रेक ओढून शाफ्ट जखडला, आणि सगळा जीव मनगटात आणला. एक बोल्ट सुटला की हँडब्रेक सोडायचा, शाफ्ट हाताने थोडा फिरवायचा, पुढचा बोल्ट समोर आणायचा, पुन्हा ब्रेक. ब्रेकचं काम बाबांनी दारातून हात घालून केलं. “सोड.” “ओढ.” आम्हा दोघांत त्या तासात एवढेच शब्द होते. मला ते पुरेसे वाटले.

शेवटी सेंटर बेअरिंगचे दोन बोल्ट काढले आणि पट्ट्यांवर तोलून शाफ्ट खाली घेतला. बाथरूममधल्या काट्यावर तो सतरा किलोंच्या थोडा वर भरला. नवा, जोडपट्ट्यांसकट, नऊ. आठ किलोंचा फरक. दीड हजार किलोंहून जड गाडीत आठ किलो म्हणजे जेमतेम अर्धा टक्का, आणि शाफ्ट असा बारीक, की त्याचं वजन अक्षाच्या अगदी जवळ फिरतं. त्यामुळे या बदलाने दहा-वीस हॉर्सपॉवर वाढतात असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. जो फायदा आहे तो वेगळा आहे. एक जोड कमी, एक बेअरिंग कमी, आणि दर वेळी पाय दाबल्यावर आधी त्या बेअरिंगभोवतीचं रबर दबून मग गाडी हलायची, ते बंद.

बाबांना मात्र तो मधला जोड काढणं पटत नव्हतं. “तो उगाच नसतो दिलेला,” ते म्हणाले, आणि ते खरं आहे. लांब नळी वेगाने फिरू लागली की दोरीवरच्या उड्यांतल्या दोरीसारखी मध्ये फुगू पाहते. लांबी दुप्पट केली, तर हे संकट पाव वेगालाच येतं. म्हणून शाफ्टचे दोन तुकडे करतात. एकसंध करायचा तर नळी जाड हवी. नव्या शाफ्टचा व्यास पाहून बाबांनी त्याला दोन्ही हातांनी कवेत घेतलं, बोटं कुठवर पोचतात ते पाहिलं आणि मान हलवली. धातू हलका आहे म्हणून तो वाचत नाही. वजनाच्या मानाने अ‍ॅल्युमिनियम आणि पोलादाचा ताठपणा जवळजवळ सारखाच. वाचवते ती जाडी.

दोन्ही टोकांना मात्र वाकू शकणारे जोड, म्हणजे क्रॉस, राहतातच. अ‍ॅक्सल रस्त्याबरोबर खालीवर होतो, गिअरबॉक्स जागचा हलत नाही. मग मधल्या नळीला दोन्हीकडे वाकता आलं पाहिजे. कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. हे सतराव्या शतकात रॉबर्ट हूकला ठाऊक होतं. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तितक्याच कोनात बसवला की एकाची घाई दुसरा गिळतो. मोटारीत साखळीच्या जागी हा जोड पक्का बसवला तो क्लॅरेन्स स्पायसरने. कॉर्नेलमध्ये शिकताना त्याने तो रचला, 1903 साली पेटंट मिळवलं. पुढे त्याची कंपनी टोलेडोला आली. आमच्या गॅरेजपासून दक्षिणेला तासाभराचा रस्ता. “स्पायसर?” बाबा एकदम ताठ बसले. “आमच्या डब्यांवर हे नाव असायचं.” मग बराच वेळ ते नवा क्रॉस बोटाने हळूहळू वळवत राहिले.

संध्याकाळी सहाला शाफ्ट बसला. बोल्टांना लॉकटाइट, टॉर्क रेंचचा टक्क असा आवाज, आणि शाफ्टवर व फ्लँजवर पुन्हा एक पिवळी रेघ. या वेळी मला कुणी सांगावं लागलं नाही.

आम्ही दोघं निघालो. क्लच सोडणं आणि गाडी हलणं यांच्यामध्ये पूर्वी एक पुसट श्वास असायचा. तो नव्हता. मी हसलो. पण ताशी साठ मैलांना, शाफ्ट मिनिटाला 2,600 हून जास्त फेरे घेत असताना, सीटखाली एक बारीक थरथर सुरू झाली. माझा चेहरा उतरला. बाबांनी डोळे मिटले होते. तळहात मांडीखाली, सीटवर पालथा.

“अर्धा फेरा,” ते म्हणाले. “शाफ्टचा जड भाग आणि फ्लँजचा जड भाग एका बाजूला आलेत. खूण आहे ना? शाफ्ट अर्धा फेरा फिरवून लाव.”

रात्री दिवा लावून पुन्हा घोड्या, पुन्हा पाना. मागचे बोल्ट काढले, शाफ्ट खुणेपासून अर्धा फेरा वळवला, बोल्ट घट्ट केले. खूण नसती, तर मी कुठून कुठे वळवलं हेच मला कळलं नसतं. साडेदहाला रिकाम्या हायवेवर आम्ही सत्तर मैलांपर्यंत गेलो. बाबांनी तळहात सीटवरून काढून घेतला आणि खिडकी खाली केली.

ऑक्टोबरमध्ये ते पुण्याला परतले. जुना शाफ्ट गॅरेजच्या भिंतीवर आडवा टांगला आहे. त्याच्या टोकाला तेलखडूची पिवळी रेघ तशीच आहे. नव्या शाफ्टवरची खूण आणि फ्लँजवरची खूण आता एकमेकींसमोर नाहीत. त्या अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावर आहेत, आणि गाडी थरथरत नाही.