हंगामाआधीची वही

भिलाईच्या आमच्या घरी माळ्यावर एक जुनी पत्र्याची पेटी आहे. गेल्या दिवाळीपूर्वी घराला रंग द्यावयाचा म्हणून ती खाली उतरविली, तेव्हा तीत आजोबांची एक टिपणवही हाती आली. आजोबा नागपूरहून येथे आले ते पोलाद कारखाना उभा राहत असताना. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या दिवसाची हकिगत त्यांनी आम्हां नातवंडांना कितीदा तरी सांगितली असेल. या वहीविषयी मात्र त्यांच्या तोंडून कधी अवाक्षर निघाले नव्हते.

वही होती हरणांची. दर वर्षी पावसाळा ओसरला, की सुटीच्या दिवशी आजोबा दल्ली-राजहराच्या बाजूच्या रानात पायी हिंडत आणि जे दिसे ते टिपून ठेवीत. ओढ्याच्या ओल्या वाळूत चितळांचे माग किती, त्यांत पाडसांचे किती. लेंड्या ताज्या की वाळलेल्या. कोणत्या झाडाची साल सांबराने घासली आहे आणि ती जमिनीपासून किती वीत उंच आहे. अक्षर बारीक, पण स्वच्छ.

वाचकहो, आजच्या पिढीस हे चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडा खुलासा करते. इंग्रजी अमदानीपासून सरकारी जंगलांचे शिकारीसाठी 'ब्लॉक' पाडलेले असत. वनखात्याकडे अर्ज करावयाचा, शुल्क भरावयाचे आणि ठरावीक दिवसांसाठी एखादा ब्लॉक मिळवावयाचा. कोणते जनावर किती मारता येईल, हे परवान्यातच लिहिलेले असे. मादी आणि पाडस यांना अभय होते. पावसाळ्यात शिकार बंद राही. म्हणून जाणता शिकारी हंगाम उघडण्याआधीच बंदूक घरी ठेवून रान पाहून येई.

त्यासाठी शरद ऋतूच उत्तम. जमिनीत ओल असते, त्यामुळे खुरांचा ठसा रेखीव उमटतो. सांबराची शिंगे बहुधा उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात. पावसाळ्यात नवी शिंगे वाढतात आणि त्यांवर मखमलीसारखी मऊ त्वचा असते. शिंगे पक्की झाली, की ती त्वचा काढण्यासाठी नर खोडांवर शिंगे घासतो. सोललेल्या सालीच्या उंचीवरून नराच्या अंगलटीचा अंदाज बांधता येतो. चितळांचे तसे नाही. त्यांच्या शिंगांचे वेळापत्रक इतके काटेकोर नसते. त्यांचा शोध घ्यावयाचा तो आवळीखाली किंवा वानरे बसलेल्या झाडाखाली, कारण वानरे वरून पाला-फळे टाकतात आणि चितळे ती खाली टिपतात.

माझी दहा वर्षांची मुलगी माझ्या खांद्यावरून वही वाचीत होती. पानांच्या कडेला मधूनमधून फुल्या होत्या. तिने विचारले, "आई, या फुल्या कसल्या?"

मी म्हणाले, "त्या दिवशी पणजोबांनी शिकार केली असेल."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मारायचंच होतं, तर इतकं मोजलं कशाला?"

मला उत्तर सुचले नाही. कायदा काय सांगतो, हे तिला समजावणे सोपे होते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही प्रथम परवान्याची सोय होती, आणि ती १९९१ च्या दुरुस्तीने संपली. परंतु तिचा प्रश्न कायद्याचा नव्हता. ज्यांच्या मांडीवर बसून मी कथा ऐकल्या, त्या माणसाविषयीचा तो प्रश्न होता.

योगायोग असा, की त्याच सुमारास वन्यप्राणी-गणनेच्या सूचनांचे मराठी भाषांतर माझ्याकडे आले. देशात २००६ पासून दर चार वर्षांनी वाघांची गणना होते, आणि तिच्याबरोबर वाघांचे भक्ष्य असलेल्या प्राण्यांचीही पाहणी होते. सूचना वाचता वाचता मी थबकले. माग, लेंडी, पाणवठा, ओरबाडलेली साल : मला हवा असलेला प्रत्येक शब्द आजोबांच्या वहीत आधीच होता. बंदूक काढून घेतली, तर शिकाऱ्याची हंगामाआधीची भटकंती आणि आजच्या वनरक्षकाची फेरी यांत फारसा फरक उरत नव्हता.

पुढे रीतसर परवानगी घेऊन मी एका वनरक्षकाबरोबर अशा पाहणीस गेले. फेब्रुवारीची पहाट होती. दोन किलोमीटरची सरळ रेषा आखलेली. तिच्यावरून हलक्या पावलांनी चालावयाचे. जनावर दिसले तर त्याचे अंतर आणि दिशा नोंदवावयाची. ठरावीक टप्प्यावर थांबून जमिनीवरील लेंड्या मोजावयाच्या. वनरक्षक छत्तीसगढीत हळू आवाजात एकेक खूण दाखवीत होता. रानडुकराच्या खुरामागे चिखलात दोन बारीक टोचे उमटतात, चितळाचा ठसा निमुळता, सांबराचा त्याहून बराच मोठा. पोथीतील अक्षरे प्रथमच लागावीत, तसे मला झाले.

परंतु ती पोथी फार त्रोटक निघाली. त्या दोन किलोमीटरांत गुरांचे शेण सर्वांत अधिक. चितळाच्या लेंड्या दोनच ठिकाणी मिळाल्या, आणि दूर कोठे तरी त्याचा इशाऱ्याचा आवाज एकदा ऐकू आला, इतकेच. परतताना एका झुडपाच्या बुंध्याशी तारेचा फास लावलेला दिसला. वनरक्षकाने तो सोडवून पिशवीत टाकला आणि जागा नोंदविली. असे फास वरचेवर सापडतात, असे तो म्हणाला. रानातून जाणाऱ्या विजेच्या वाहिनीवर आकडा टाकून तार पसरणे तर त्याहून वाईट. त्या तारेला चितळ काय, हत्ती काय आणि माणूस काय, सारे सारखेच. परवाना देणारे खाते राहिले नाही, मारणारे हात मात्र राहिले, आणि ते मादी पाहत नाहीत, पाडस पाहत नाहीत.

मोजण्याने काय साधते, हे आपल्या शेजारच्या दोन उदाहरणांवरून कळते. आजच्या छत्तीसगढमधील कोरिया संस्थानात १९४७ च्या सुमारास महाराजांनी तीन चित्ते मारले. ते आपल्या देशातील अखेरच्या चित्त्यांपैकी होते, याची तेव्हा कोणास जाणीव नव्हती. १९५२ साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर करावे लागले. उलट, कान्हाच्या रानातील बारशिंगे १९७० साली मोजली गेली, ती अवघी ६६ भरली. आकडा समोर आला म्हणून लोक हादरले. कुंपणाचे सुरक्षित क्षेत्र केले, गवताची कुरणे जपली. काही गावांना आपली जागा सोडावी लागली. ती किंमतही विसरता कामा नये. आज ती बारशिंगे हजाराच्या घरात आहेत.

घरी आल्यावर मी आजोबांची वही पुन्हा काढली आणि मुलीला शेवटची नोंद वाचून दाखविली. त्या वर्षीच्या मागांची बेरीज आधीच्या वर्षाच्या निम्म्यानेही नव्हती. खाली एकच ओळ होती : परवाना परत केला. त्यापुढे फुली नाही.

मी तिला सांगितले, "पणजोबांनी मोजलं ते आधी मारण्यासाठीच. ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण मोजता मोजता रान रिकामं होतंय हे त्यांना दिसलं. जे मोजत नव्हते, त्यांना ते कधीच दिसलं नाही."

"मग आता कोण मोजतं?" तिने विचारले.

वाचकहो, हा प्रश्न तिने मला विचारला असला, तरी तो आपणां सर्वांसाठी आहे. गणना हे सरकारचे काम खरे. परंतु आपल्या गावाकाठच्या ओढ्यावर कोणाचे खूर उमटतात, याची ओळख ठेवण्यास परवाना लागत नाही. मुलांना एखादा ठसा दाखवावा, त्याचे नाव सांगावे, तारीख घालून लिहून ठेवण्यास सांगावे. काही वर्षांनी त्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या, म्हणजे रान वाढते आहे की आटते आहे, हे कळू लागते.

आजोबांच्या वहीची मागील पाने कोरी आहेत. पाऊस ओसरला, की आम्ही दोघी ती वही घेऊन जाणार आहोत.