पाठची बाजू

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी अमेरिकेहून एक पेटी आली. पिट्सबर्ग शहरी सुमारे चाळीस वर्षे वास्तव्य करून असलेले आमचे कनिष्ठ बंधू यांनी ती पाठविली होती. परदेशची पेटी आली म्हणजे एकत्र कुटुंबात जे व्हावयाचे तेच झाले. मुलांनी चॉकलेटांची आशा धरली, सुनांनी कात्री आणली, आणि आम्ही, वयाच्या अधिकाराने, चिकटपट्टी फाडू नका, नीट सोडवा, असा उपदेश केला. पेटी उघडून पाहतो तो आत काळ्या तबकड्या! मोजल्या, त्या त्रेचाळीस भरल्या. प्रत्येक सात इंच व्यासाची, कागदी पाकिटात जपून ठेविलेली. आणि सर्वांवर गायकाचे नाव एकच, बिल विदर्स. मुले हिरमुसली होऊन निघून गेली.

सोबत चिठ्ठी होती. "ती. दादांस शि. सा. न. विनंती विशेष. माझे दोन्ही कान आता जवळजवळ गेले. यंत्र लावून माणसाचे बोलणे थोडेबहुत कळते, गाणे मात्र कळत नाही. नुसता खडखडाट होतो. म्हणून हा संग्रह आपणाकडे पाठवितो. प्रत्येक तबकडीची पाठची बाजू आधी ऐकावी, मग पुढची. कारण मागाहून कळवीन."

आमच्या लहानपणी घरात आजोबांचा चावीचा फोनो होता. दमदमच्या कारखान्यातून आलेल्या लाखेच्या जड तबकड्या त्यावर वाजत. त्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेत, आणि एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे पद मावे. पद रंगात येते न येते तोच सुई कडेला लागे आणि आजोबा तबकडी उलटीत. पुढे आणि मागे असा भेद आम्हा मुलांच्या मनात नव्हता. दोन्ही बाजूंची पदे सारखीच पाठ होती. बंधूंची ही तबकडी निराळ्या जातीची. ही १९४९ साली अमेरिकेत निघाली. मिनिटाला फेरे पंचेचाळीस, अंग हलके, आणि मधले भोक रुपयापेक्षा मोठे. आजोबांच्या फोनोवर ती बसेना. अखेर आमच्या पुतण्याने विजेवर चालणारे यंत्र आणि त्या भोकात बसवावयाची प्लास्टिकची चकती मिळविली, आणि एका रविवारी माजघरात श्रवणाचा प्रारंभ झाला.

हा गवई कोण, हे वाचकांस थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने देवळातील भक्तिगीतांचा आवेग लौकिक सुखदुःखांच्या गाण्यांत उतरविला, आणि १९५०-६० च्या सुमारास जो प्रकार रूढ केला त्यास तिकडे 'सोल' म्हणजे आत्मा असे नाव आहे. बिल विदर्स हे त्या परंपरेतले. त्यांचा जन्म १९३८ साली वेस्ट व्हर्जिनियातील स्लॅब फोर्क या कोळशाच्या खाणीच्या खेड्यात झाला. वडील लहानपणीच वारले. मुलगा बोलताना अडखळत असे, आणि तो दोष विशी उलटून गेल्यावरही पुष्कळ वर्षे टिकला. नऊ वर्षे आरमारात नोकरी करून पुढे ते लॉस एंजेलिस येथे विमानांसाठी शौचकुपे तयार करणाऱ्या कारखान्यात कामास राहिले. त्यांचा पहिला गीतसंग्रह १९७१ साली निघाला, तेव्हा वय बत्तिशीच्या पुढे गेले होते. वेष्टनावरच्या छायाचित्रात ते कारखान्याशीच, हातात जेवणाचा डबा घेऊन उभे आहेत. गाण्याचा धंदा बेभरवशाचा, म्हणून त्यांनी नोकरी सोडली नव्हती. हे वाचून आमच्या मध्यमवर्गीय मनास फार बरे वाटले.

आता पाठच्या बाजूचे शास्त्र. दुकानात विकावयाच्या तबकडीवर दोन गाणी असत. जे गाणे खपेल, आकाशवाणीवर वाजेल, असा व्यापाऱ्याचा अंदाज, ते पुढच्या बाजूस. दुसरी बाजू कोरी ठेवून चालत नाही, म्हणून तीवर दुसरे एखादे घालावयाचे. तथापि गंमत अशी की, गीतकाराचा हक्काचा मोबदला दोन्ही बाजूंस समान. १९०९ च्या कायद्याने तो गाण्यामागे दोन सेंट ठरला आणि १९७७ अखेरपर्यंत तितकाच राहिला. त्यामुळे पाठीवर आपले गाणे चिकटविण्यासाठी निर्मातेही धडपडत. पुढे पुढे आकाशवाणीच्या निवेदकांनी भलतीच बाजू वाजवू नये म्हणून त्यांना पाठवावयाच्या प्रतींवर दोन्हीकडे एकच गाणे छापण्याची युक्ती निघाली. अशा प्रतीस पाठच नसते! बंधूंच्या संग्रहात तसली एकही प्रत नाही. एकाच तबकडीच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती आहेत खऱ्या, पण प्रत्येकीस पाठ आहे. शेवटल्या गुळगुळीत कडेवर कोरलेले बारीक आकडे भिंगाने वाचून त्यांनी त्या कोणत्या ठशाच्या हे पाकिटावर पेन्सिलीने, सुवाच्य बालबोध अक्षरात लिहून ठेविले आहे.

व्यापाऱ्यांचा अंदाज किती चुकतो याचे प्रसिद्ध उदाहरण या गवयाचेच आहे. १९७१ च्या तबकडीवर पुढे 'हार्लेम' आणि पाठीवर 'एन्ट नो सनशाइन' हे गाणे होते. निवेदकांनी तबकडी उलटविली, आणि लोकांनी पाठच डोक्यावर घेतली. जिवलग माणूस घरातून गेल्यावर पडलेल्या अंधाराचे ते दोन मिनिटांचे गाणे आहे. त्यात मध्ये एक लहानसा वाक्यखंड सव्वीस वेळा येतो. त्या जागी गवयास पुढे शब्द घालावयाचे होते. परंतु साथीच्या वादकांनी सांगितले, असेच राहू द्या. शाळेत काव्यदोष शिकविताना पुनरुक्तीवर आम्ही किती मुलांचे गुण कापले असतील, त्याची गणती नाही. वास्तविक अनुकंपादी भावांचा अतिरेक सांगावयाचा असेल तेथे पुनरुक्ती दोष नव्हे, हे आचार्य दंडींनी काव्यादर्शात स्पष्ट म्हटले आहे. तेही आम्ही शिकवीत होतो. पण गुण देताना आठवत नव्हतो.

असे एकेक करीत आम्ही 'लीन ऑन मी' या तबकडीपाशी आलो. १९७२ साली ही अमेरिकेत पहिल्या क्रमांकास पोहोचली. माझ्यावर भार टाक, मी आहे, असा त्या शीर्षकाचा आशय. खाणीच्या गावात शेजारी शेजाऱ्यास सांभाळून घेत असे. मोठ्या शहरात ते दिसेना, त्या उणिवेतून हे गाणे निघाले. चाल इतकी सोपी की आमच्या नातीने पेटीवर लगेच बोटे ठेविली. सा रे ग म असे चढावयाचे आणि म ग रे सा असे उतरावयाचे. तिचा पहिल्या महिन्यातला अलंकारच तो! सगळे घर खूष झाले. परंतु बंधूंची आज्ञा मोडून आम्ही पुढची बाजू आधी लाविली होती. मग पाठ लाविली. तिचे नाव 'बेटर ऑफ डेड'. मद्याच्या पायी ज्याची बायको मुले घेऊन निघून गेली, अशा मनुष्याचे ते बोलणे आहे, आणि शेवटी गाणे थांबून बंदुकीचा बार ऐकू येतो. नातीने विचारले, "आजोबा, काय झाले?" आम्ही काही बोललो नाही. पाकिटावर पेन्सिलीने इतकेच लिहिले होते: "१९९८, हिवाळा."

आता जे सांगावयाचे आहे ते सांगणे आम्हांस जड जाते. १९९८ साली आमच्या मातोश्री हयात होत्या. बंधूंचे पत्र आले की रात्रीच्या जेवणानंतर माजघरात सर्वांदेखत ते मोठ्याने वाचावयाचे, असा आमच्या घरचा परिपाठ होता. त्या वर्षाच्या अखेरीस आलेले पत्र पाठपोट लिहिलेले होते. पुढच्या बाजूस नेहमीचे क्षेमकुशल, बर्फ किती पडले, आईस औषध लागू पडले की नाही, इत्यादी. पाठीवर आरंभीच लिहिले होते, "हा मजकूर फक्त दादांसाठी. आईस वाचून दाखवू नये." नोकरी सुटून सात महिने झाले होते. पत्नी माहेरच्या माणसांकडे कायमची निघून गेली होती. मद्याचे व्यसन जडले होते. रात्री संपत नाहीत, असे लिहून शेवटी म्हटले होते, "दादा, तुम्ही एकदा फोन करावा."

आम्ही फोन केला नाही. फोन माजघरात होता, आईच्या कानावर जाईल, असे कारण आम्ही स्वतःस सांगितले. ते खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते. गावात टपाल कचेरी होती, तेथून फोन करता आला असता. खरे हे की आम्हांस राग आला होता आणि लाज वाटली होती. ज्या भावाचे नाव घेऊन आम्ही तीस वर्षे वर्गातील मुलांस उद्योगाचे दाखले दिले, त्याने दारू प्यावी! आम्ही उत्तर लिहिले ते पुढच्या बाजूचे. आईस औषध लागू पडले, पाऊस बरा झाला, आणि अखेरीस धैर्यावर एक सुभाषित. पाठच्या बाजूस एक अक्षराचेही उत्तर दिले नाही. त्यानंतर बंधूंची पत्रे येत राहिली. मात्र ती कागदाच्या एकाच बाजूस लिहिलेली असत. आईंच्या निधनानंतर तीही विरळ झाली. घरात कोणास काही कळले नाही. आमच्या संसारात ती गोष्ट घडलीच नाही, असे आम्ही वागलो.

पेटीनंतर तीन आठवड्यांनी बंधूंचे दुसरे पत्र आले. त्यात कारण होते. त्या हिवाळ्यात शेजारी एक कृष्णवर्णीय वृद्ध गृहस्थ राहत असत. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, ओळख नमस्कारापुरती. रात्रभर दिवा जळतो हे पाहून एके दिवशी ते आपण होऊन आले. उपदेश केला नाही. आपल्या घरी नेले, सूप प्यावयास दिले, आणि ही तबकडी लाविली, पाठ आधी. बार ऐकून बंधू दचकले, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले की, हे कोणी ऐकले नाही तर दुसरे गाणे कोणासाठी गायचे? मग तबकडी उलटवून त्यांनी पुढची बाजू लाविली. पुढे वर्षभर दर शनिवारी हा क्रम चालला. मद्य सुटले. ती पहिली तबकडी त्यांनी देऊन टाकली. उरलेल्या बेचाळीस बंधूंनी जुन्या बाजारांतून हुडकून जमविल्या.

हे पत्र आम्ही तीनदा वाचले. एका परक्या मनुष्याने रस्ता ओलांडून जे केले, ते सख्ख्या थोरल्या भावाच्या हातून टपाल कचेरीपर्यंत चालत जाऊन झाले नाही. शास्त्रात पूर्वपक्ष आधी पूर्ण ऐकून घ्यावयाचा, मगच सिद्धांत सांगावयाचा, अशी रीत आहे. आम्ही बंधूंचा पूर्वपक्ष न ऐकताच सुभाषित पाठविले. सुभाषितात चूक काही नव्हती. आधाराचे वचन आम्हीही देत होतो. पण ज्यास द्यावयाचे त्याचे ऐकण्यापूर्वीच दिले, म्हणून ते त्यास पोहोचले नाही.

आमच्याकडे पत्रे टाकून देण्याची चाल नाही. माळ्यावरच्या ट्रंकेत १९९८ चे ते पत्र सापडले. फोनवर बोलणे आता बंधूंस ऐकू येत नाही. तो मार्ग होता तेव्हा आम्ही वापरला नाही. म्हणून पत्रच लिहिले. घरातील सर्वांस आधी सारी हकीकत सांगितली, सौभाग्यवती काही वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "भाऊजींना माझाही नमस्कार लिहा, आणि मला तेव्हाच सांगायला हवे होते, हेही लिहा." तेही लिहिले. "चि. बंधूंस अनेक आशीर्वाद. तुमच्या पत्राच्या पाठच्या बाजूचे उत्तर द्यावयाचे राहिले होते, ते देत आहे," येथून आरंभ केला. वाक्यावाक्यास उत्तर दिले. सुभाषित घातले नाही. चार पाने झाली, सर्व पाठपोट.

बिल विदर्स यांनी १९८५ नंतर नवा गीतसंग्रह काढला नाही, आणि ३० मार्च २०२० रोजी ते निवर्तले. त्यांच्या त्रेचाळीस तबकड्या आमच्या कपाटात आजोबांच्या तबकड्यांशेजारी उभ्या ठेविल्या आहेत. आडव्या रचल्या तर वाकतात, असे बंधूंनी बजाविले आहे. रविवारी संध्याकाळी त्यातली एखादी लागते. पाठ आधी, मग पुढची.

परवा बंधूंचे उत्तर आले. एकच ओळ होती: "दादा, पत्र पावले. दोन्ही बाजू वाचल्या." कागद उलटून पाहिला. मागे लिहिले होते, "चैत्रात येतो."