पुलाचा पत्ता

घराण्याचा इतिहास शोधायला माझ्याकडे येणारी माणसं सहसा पणजोबांचं नाव घेऊन येतात. कोथरूडकडचं एक कुटुंब नुसता पूल घेऊन आलं. ‘आमचं शेत कालव्याच्या पुलाला लागून होतं’, एवढंच त्यांना ठाऊक. कालवा म्हणजे मुठेचा डावा कालवा. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला उजवा कालवा अजून वाहतोय; डावा मात्र शहराच्या पोटात गेला आणि मागे कॅनॉल रोड हे नाव तेवढं उरलं. दप्तर कुठंय विचारलं, तर ‘एकसष्टच्या पुरात गेलं.’ पुण्यात जे सापडत नाही ते सगळं पानशेतच्या पुराच्या खात्यावर टाकायची रीतच आहे!

अशा वेळी पूल बांधणाऱ्यांच्या कागदांत मी शिरत नाही. तिथे साहेब भेटतात, शेतकरी नाही. जमीन कोणाची गेली ते आधी बघायचं. भूमी अभिलेख कार्यालयातली जुनी टिपणं काढली. मोजणी 33 फुटांच्या साखळीची, साखळीचे सोळा आणे. बांधाबांधाला आकडे टाकलेले. कालव्याची पट्टी बराच वेळ एकसारख्या रुंदीने सरकत होती. एका सर्व्हे नंबरात ती दोन्ही अंगांनी फुगलेली दिसली. गाडीवाट पुलावर चढवायची तर दोन्हीकडे भराव घालावा लागतो, आणि भरावाला जागा लागते. शिवाय त्या शेताचे कालव्याने दोन तुकडे केलेले. पूल सापडला.

सर्व्हे नंबर हाती आला की माणसं फेरफारात शोधायची. हक्कनोंदणी 1903च्या कायद्याने सुरू झाली, त्यामुळे त्याआधीचं फेरफारात मिळत नाही. सुरुवातीच्या नोंदी मोडीत. रेघ आधी ओढलेली, अक्षरं तिला लोंबकळणारी, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धतच नाही. मी आधी ‘बिन’ आणि ‘कोम’ हेरतो. एकापुढे बाप असतो, दुसऱ्यापुढे नवरा; तेवढ्यावर पिढ्यांची उतरंड लागते.

इथे खातेदार मयत होता, वारस म्हणून बायको ‘कोम’ लावून आणि अज्ञान मुलगा. तो मुलगा म्हणजे यांचे आजोबा. त्याच ओळीत एक मुलगीही होती. घरात तिचं नाव कोणी कधी काढलं नव्हतं. वंशवृक्षात तिच्यासाठी चौकट काढायला त्यांनी लगेच होकार दिला नाही. मी काढली, आणि तिचं सासर शोधायला घेतलंय.