स्टेन्सिल कापण्याआधीचं भांडण

तेव्हाच्या औरंगाबादेत आमच्या पिढीचा निषेध रात्री जागून तयार व्हायचा. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायची, मैद्याची खळ शिजवायची आणि बादली सायकलच्या हँडलला अडकवून औरंगपुरा, गुलमंडी, पैठण गेटच्या भिंती गाठायच्या. कापलेली स्टेन्सिल दुरुस्त करणं जिकिरीचं, म्हणून भांडण कापण्याआधीच व्हायचं. मंत्र्याचं नाव घालायचं का? मागण्यांत फी आधी की वसतिगृह? युवक क्रांती दलाचा, म्हणजे युक्रांदवाला एक म्हणे, दलित पँथरवाला दुसरं. दोघांना पटेल असं वाक्य सापडेपर्यंत शाईला हात लागत नसे.

आज वाक्य सुचलं की ते लगेच जगापुढे जातं. कन्नड तालुक्यातून शिकायला आलेली मुलगी वसतिगृहातल्या घाण पाण्याचा व्हिडिओ काढते आणि संध्याकाळपर्यंत तो आमदाराच्याही मोबाइलवर असतो. आमच्या वेळी तिच्या हाती माइक आलाच नसता. माइक पुढाऱ्याचा, सतरंजी कार्यकर्त्यांची, आणि मुली आल्याच तर एका कडेला. ९ ऑगस्ट २०१६ ला कोपर्डीत बलात्कार करून मारल्या गेलेल्या लेकीसाठी न्याय मागणारा पहिला मराठा मूक मोर्चा याच शहरात निघाला. त्यात मुली पुढे होत्या आणि निवेदनही मुलींनीच दिलं. आमच्या काळात असं कुणी घडवलं नाही.

आणि त्या खळीचं, त्या पत्रकांचं फार कौतुक करायला जीभ रेटत नाही. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात खांद्याला खांदा लावून चाललेले विद्यार्थी चार वर्षांनी दोन बाजूंना उभे राहिले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव दलितांची घरं पेटली. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंचा जीव घेतला गेला. नामांतराच्या विरोधाची पत्रकंही तशाच यंत्रांवर निघाली होती, तशाच खळीने चिकटली होती. नामांतरासाठी लाँग मार्च झाला, तुरुंग भरले, माणसं मेली, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. शेजारच्या बाकावर बसल्याने माणूस कळतो, हा आमचा समज १९७८ मध्येच मोडला.

तरी एक गोष्ट आमच्या बाजूची होती: भिंतीला आमचं नाव माहीत नसे. आणीबाणीत 'मराठवाडा' या वृत्तपत्राचे संपादक अनंत भालेराव तुरुंगात गेले. ते नावानिशी लिहीत. रात्री पत्रक चिकटवणारा पोरगा मात्र सकाळी वर्गात हजेरी देऊन मोकळा. आजच्या मुलीच्या शब्दाला तिचा फोटो, नंबर आणि पत्ता जोडलेला. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ अ रद्द केलं, पण भीती काही रद्द झाली नाही. स्क्रीनशॉट कुणाकडे पडून आहे, नोकरीच्या वेळी तो कोण काढील, याचा विचार करूनही ती लिहिते. आमच्यापेक्षा तिला जास्त धैर्य लागतं, हे आमच्या वयाच्या लोकांनी कबूल केलं पाहिजे.

मला हळहळ वाटते ती विरोधकासमोर उभं राहण्याच्या सवयीची. विद्यार्थी निवडणुकीत प्रत्येक वर्गात जावं लागे, ज्याला आपण नकोसे त्याच्याही पुढे बोलावं लागे. तो मधेच उठून प्रश्न विचारी आणि उत्तर तिथेच द्यावं लागे. त्या निवडणुकांत पैसा होता, हॉकी स्टिक होत्या, बाहेरचे पक्ष होते. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका थांबल्या त्या उगाच नव्हे. २०१६ च्या कायद्यात त्यांची तरतूद पुन्हा आली, २०१९ साठी ठरलेल्या निवडणुका मात्र पुढे ढकलल्या गेल्या. मारामारीची भीती खरी आहे, तिचा बंदोबस्त पोलिसांनी आणि प्राचार्यांनी करावा. पण त्या कन्नडच्या मुलीला, तिचा व्हिडिओ खोटा म्हणणाऱ्या मुलाच्या वर्गात जाऊन मत मागू द्यावं. तिची तयारी आहे, विद्यापीठानेही ती दाखवावी.